वहीचं पान कुठून आलं?

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी चंद्रपूर मागं टाकते आणि बल्लारशाह स्टेशनात शिरते. भिंतींवर ताडोबातले वाघ रंगवलेले! पण हे गाव देशभर ठाऊक झालं ते कागदामुळं. इथल्या कागद कंपनीची स्थापना 1945 सालची.

कारखाना इथंच का बरं? नकाशा उघडा. शेजारी वर्धा नदी, म्हणजे पाणी. जवळच कोळशाच्या खाणी. आणि पूर्वेला गडचिरोलीचं जंगल, म्हणजे बांबूच बांबू!

बांबूचे बारीक तुकडे करून ते मोठ्या बंद भांड्यात कॉस्टिक सोडा वगैरे रसायनांत शिजवतात. तंतूंना चिकटवून ठेवणारा पदार्थ विरघळतो, उरतो तो लगदा. तो धुऊन, जाळीवर पातळ पसरून, दाबून वाळवला की झाला कागद. शिजवताना निघालेलं काळं पाणी नदीत सोडलं तर मासे मरतील. म्हणून मोठ्या कारखान्यांत ते आटवून जाळतात. त्यातून वाफही मिळते आणि रसायनंही परत मिळतात.

आता वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जाऊ. तिथून तीसेक किलोमीटरवर, धानोऱ्याच्या वाटेवर, मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटंसं गाव आहे. घराचा कूड, टोपली, सूप, सगळं बांबूचं. कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजीसुद्धा! पण जंगल सरकारचं, आणि बांबू करारानं कागद कारखान्याला. जंगलात राहणाऱ्यांनाच बांबूसाठी हात पसरावे लागत.

गाव गप्प बसलं नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि सगळ्यांना पटेल तेच ठरवायचं, ही इथली रीत. 2006 साली वनहक्कांचा कायदा झाला आणि 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाला हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वन खात्याकडूनच घ्यायचा! का? तर 1927 च्या वन कायद्यात बांबूला झाड म्हटलं होतं. खरं तर बांबू हे गवत आहे! शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढं 2017 साली जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाडां'च्या यादीतून निघाला.

आपल्या देशात माणशी वर्षाला जेमतेम 15 किलो कागद लागतो. जगाची सरासरी पन्नासच्या वर आहे. म्हणजे शाळा, पुस्तकं, खोकी वाढतील तसा कागद आणखी लागणार. तो सगळा जंगलातून आणला तर जंगल उरेल का? म्हणून कारखाने आता शेतकऱ्यांनी लावलेली सुबाभूळ, निलगिरी घेतात, उसाचं चिपाड घेतात. आणि निम्म्याहून जास्त कागद तर रद्दीपासूनच होतो! पण आपली रद्दी तेलकट, ओल्या कचऱ्यात मिसळलेली असते, आणि मग रद्दीसुद्धा परदेशातून मागवावी लागते.

जाणकार बांबू तोडतात, पण यंदाच्या कोंबाला हात लावत नाहीत. बेट टिकलं तर पुढच्या वर्षीही बांबू मिळेल, हा साधा हिशेब. आपणही तो करू या. गेल्या वर्षीच्या वहीत कोरी पानं किती उरलीत? आज आईबाबांबरोबर मोजाच!