एक जूनची मुले

सरकारी सेवेत असताना सेवापुस्तकातील जन्मतारखेच्या दुरुस्तीची कितीतरी प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. त्यांत एक तारीख पुन्हा पुन्हा भेटत असे, १ जून. महाराष्ट्रातील माझ्या पिढीचे कित्येक कर्मचारी कागदोपत्री १ जूनला जन्मले आणि नियमाप्रमाणे ३१ मे रोजी सेवानिवृत्त झाले. यात ग्रहांचा काही योग नव्हता. शाळा जूनमध्ये उघडत, घरात जन्माचा दाखला नसे. गुरुजी मुलाला डोक्यावरून उजवा हात नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती आला की मूल शाळेत बसण्याजोगे झाले असे समजून वयाला जुळेलशी तारीख रजिस्टरात लिहीत.

मीही त्यांपैकीच एक. वडिलांना घाई होती आणि माझा हात लांब होता, त्यामुळे पाच वर्षांचा असताना मी सहाचा झालो. शाळेत एक वर्ष आधी बसलो आणि नोकरीतून एक वर्ष आधी उठलो. त्या घाईने माझे भले झाले की बुरे, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. तो विचारण्याची वेळ एप्रिल २०२५ मध्ये आली, तीही महाराष्ट्राबाहेर, बंगळुरूच्या बसवनगुडीत.

माझी मुलगी आणि जावई तिथे राहतात. गांधी बाजारातील फुलांचे ढीग, बुल टेंपलचा नंदी, चिंचोळ्या गल्ल्यांतील जुनी कौलारू घरे यांमुळे आम्हा उभयतांना ती वस्ती पुण्याच्या पेठांसारखी आपली वाटते. नातू त्या वेळी सव्वापाच वर्षांचा होता. कर्नाटक शासनाने पहिलीच्या प्रवेशासाठी १ जून रोजी सहा वर्षे पूर्ण असण्याचा नियम २०२५-२६ पासून लागू करण्याचे ठरविले होते. (पाहा, तारीख इथेही १ जूनच!) पालकांची ओरड झाली आणि एप्रिलमध्ये त्या एका वर्षापुरती सवलत जाहीर झाली. राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत पाच वर्षे पाच महिने पूर्ण झालेल्या मुलालाही पहिलीत घेता येणार होते. नातू १ जूनला साडेपाच वर्षांचा होत होता. म्हणजे दार बंद होते तोवर चिंता नव्हती, ते किलकिले झाले आणि घरात वाद सुरू झाला.

मुलीचे म्हणणे सरळ होते. “बाबा, तो वाचतो, शंभरापर्यंतच्या बेरजा करतो. बिल्डिंगमधली मुले अबॅकसला जातात, एक तर कोडिंग शिकतो आहे. ह्याचे एक वर्ष कशाला वाया घालवायचे? आणि तुम्हीच मला साडेपाचव्या वर्षी पहिलीत घातले होतेत.”

शेवटच्या वाक्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. परंतु एक आठवण होती, आणि ती मी तिला तोवर सांगितलेली नव्हती.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी होतो. तरुण होतो, जिल्ह्याचे नाव व्हावे अशी इच्छा होती. चौथीच्या स्कॉलरशिप परीक्षेत आमचा जिल्हा मागे पडे. तयारी चौथीत नव्हे, पहिली-दुसरीतच सुरू झाली पाहिजे असे मी ठरविले. दुसरीच्या प्रत्येक मुलाला तीसपर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी आणि दिडकी यायलाच हवी, असे परिपत्रक काढले. दरमहा तक्ते मागविले. सहा महिन्यांत तक्त्यांतील आकडे सुंदर दिसू लागले आणि आढावा बैठकीत माझे कौतुकही झाले.

मग एका शाळेत तपासणीला गेलो. एका मुलीने विसाचा पाढा खडखडीत म्हणून दाखविला. मी विचारले, “बाळ, तुझ्याकडे वीस-वीस रुपयांच्या सात नोटा आहेत. किती रुपये झाले?” तिने माझ्याकडे पाहिले नाही, गुरुजींच्या तोंडाकडे पाहिले. ‘वीस साते चाळासे’ तिने आत्ताच म्हटले होते, पण त्याचा नोटांशी काही संबंध असतो हे तिला कोणी सांगितले नव्हते. निघताना हजेरीपट पाहिला. दुसरीत त्या दिवशी नऊ मुले गैरहजर. साथीचा आजार आहे का, असे विचारले. गुरुजी वयस्क आणि प्रामाणिक होते. खाली मान घालून म्हणाले, “साहेब, ज्यांना पाढे येत नाहीत त्यांना आज घरीच राहायला सांगितलं.”

त्या नऊ मुलांना घरी बसविणारे गुरुजी नव्हते, माझे परिपत्रक होते. ते मी पुढच्या महिन्यात मागे घेतले. परंतु शाळा ही ज्याला येते त्याच्यासाठी असते हा धडा त्या मुलांनी सातव्या वर्षी घेतला असेल, तर तो मागे घेण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

हे ऐकून मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, “पण म्हणून हुशार मुलाला रोखायचे का?”

प्रश्न रास्त होता. त्याचा विचार करताना मला बंगळुरूचीच दोन माणसे आठवली. शकुंतलादेवी १९२९ मध्ये याच शहरात जन्मल्या. वडील सर्कशीत काम करीत. मुलगी तीन वर्षांची असताना पत्त्यांची जादू शिकविता शिकविता तिची आकड्यांची स्मरणशक्ती त्यांच्या ध्यानी आली. त्यांनी सर्कस सोडली आणि मुलीचे जाहीर प्रयोग सुरू केले. सहाव्या वर्षी तिने म्हैसूर विद्यापीठात आपली करामत दाखविली. १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तेरा-तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार त्यांनी २८ सेकंदांत केला. जगाने नवल केले, आणि ते योग्यच होते. परंतु रीतसर शालेय शिक्षण त्यांना मिळाले नाही. ज्या वयात शिकायचे, त्या वयात त्या दाखवीत होत्या.

दुसरे एच. नरसिंहय्या. गौरीबिदनूर तालुक्यातील होसूर हे त्यांचे गाव. बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कूलमध्ये शिकण्यासाठी १९३५ मध्ये हा पंधरा वर्षांचा मुलगा गावाहून बंगळुरूपर्यंत पायी चालत आला. पुढे १९६० मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांनी अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातून अणुकेंद्रीय भौतिकीत पीएच.डी. मिळविली. ते बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६२ मध्ये सुरू झालेल्या बंगळूर सायन्स फोरमच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांना कोणी पाचव्या वर्षी विज्ञान शिकविले नव्हते, आणि त्यावाचून काही अडलेही नाही.

दोन माणसांवरून नियम काढणे हे प्रशासकाला शोभणारे नाही, म्हणून अभ्यासांकडे वळतो. वडोदऱ्यात २०४ शाळकरी मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अबॅकस शिकलेल्यांचे अंकगणित काहीसे सुधारले, मात्र एकंदर बुद्धी तल्लख झाल्याचे दिसले नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात शासकीय बालवर्गांत गेलेली मुले आरंभी पुढे होती. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र ती सहावीपर्यंत, बालवर्गात प्रवेश न मिळालेल्या मुलांच्या मागे पडलेली आढळली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये आला. गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चोख करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीची साधी गणिते चुकत होती, आणि शाळेत गणित येणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. माझी वीस साते चाळासेवाली मुलगी मला त्या अभ्यासात पुन्हा भेटली.

याचा अर्थ लहान मुलांना काही शिकवूच नये असा कोणी काढू नये. ज्या घरात पुस्तक नाही, तिथे लवकर काहीच न मिळणे हाच अपाय असतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम केले, ते याच जाणिवेतून. शाळेत मुले येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पाने, बिया, शंख-शिंपले ही त्यांची साधने. तिथेही गणित होतेच, पण ते कोणाला दाखविण्यासाठी नव्हते.

माझ्या अनुभवाचे सार मी मुलीला एवढेच सांगितले. कठीण विषयाने मुलाला अपाय होत नाही, लवकर आलेल्या तपासणीने होतो. नातू मला एकदा विचारीत होता, “आजोबा, शेवटचा आकडा कोणता?” आम्ही तासभर एकेक मिळवीत बसलो आणि शेवट नाहीच हे त्याने स्वतः शोधले. हा विषय पाच वर्षांच्या मुलासाठी फार पुढचा आहे, पण प्रश्न त्याचा होता आणि कंटाळा आल्यावर उठून जाण्याची मुभाही त्याला होती. तोच विषय दर शनिवारी पाच वाजता, फी भरून, इतर पालकांसमोर, प्रमाणपत्रासाठी आला की त्याचे माझे परिपत्रक होते. आणि आपण मोठी माणसे, पालक असोत की अधिकारी, जे मोजता येते तेच मागतो.

निर्णय अर्थात आईवडिलांचा होता. त्यांनी सवलत घेतली नाही. नातू पुन्हा यूकेजीत बसला. याची किंमत त्याने मोजली. मित्र पुढे गेले म्हणून आठवडाभर रडला, आणि त्या रडण्याला जबाबदार आजोबा आहेत हे त्याला पक्के ठाऊक होते. आम्ही बरोबरच केले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पहिलीत तो कदाचित रमलाही असता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, त्याला घेऊन बुल टेंपलच्या कडलेकाई परिषेला गेलो. सारा रस्ता शेंगांच्या राशींनी भरला होता. एका बाईंकडून आम्ही दोन मापे शेंगा घेतल्या. त्याने पैसे दिले, सुटे परत मोजून घेतले, मग माझा हात ओढून कानात म्हणाला, “आजोबा, त्यांनी दहा रुपये जास्त दिलेत.” आणि मी काही बोलण्यापूर्वी ते परतही करून आला.

हे कोणत्याही तक्त्यात भरता येणार नाही. मला ते भरायचेही नाही. असो.