बोलत बोलत कात्रजपर्यंत

आमच्या गटात रविवारच्या लाँग रनला नियम एकच आहे: धावताना बोलता आलं पाहिजे. चार शब्दांत धाप लागायला लागली की वेग कमी करायचा, मग मागच्या शर्यतीतली तुमची वेळ कितीही भारी असो. यामागे शरीराचं साधं गणित आहे. गप्पा मारता येतील अशा वेगात स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळतो, चरबीही बऱ्यापैकी वापरली जाते आणि साठवलेलं ग्लायकोजन शेवटपर्यंत पुरतं. वेग वाढवला की श्वास वाढतो आणि आधी तोंड बंद पडतं. त्यामुळे कोण थकलंय हे आम्हाला घड्याळात बघावं लागत नाही. जो गप्प झाला, त्याच्या शेजारी कोणीतरी जाऊन धावू लागतं.

हिवाळा हा आमचा खरा हंगाम. पुण्यात जानेवारीच्या दुपारी पारा तिशीला टेकतो, पण पहाटे तोच दहाच्या आसपास असतो. अशा हवेत अंगातली उष्णता सहज बाहेर पडते, घाम साचून राहत नाही आणि उन्हाळ्यात जिथे पंधरा किलोमीटरला जीव मेटाकुटीला येतो तिथे आता तीस होतात. तीस किलोमीटर म्हटल्यावर एकाच रस्त्यावर फेऱ्या मारण्यात काय अर्थ? म्हणून आम्ही शहराच्या कडेनं जातो. पाषाण तलावापासून बावधन, चांदणी चौक, कोंढवे-धावडे, उत्तमनगर, शिवणे, नदी ओलांडून नांदेड, मग धायरी, नऱ्हे, आंबेगाव आणि कात्रज. यातली बहुतेक नावं २०१७ आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या गावांची आहेत. नकाशावर ही शहराची कड. पण धावताना कळतं की इथे गाव संपलेलं नाही आणि शहर अजून नीट सुरू झालेलं नाही.

पहाटे सव्वापाचला निघतो. पाषाणची थंडी वेगळीच असते. शिवाजीनगरपेक्षा इथला पारा बहुतेक वेळा थोडा खालीच असतो. सगळ्यांचे हात बाह्यांमध्ये ओढलेले असतात आणि पहिले दोन किलोमीटर कोणी फार बोलत नाही. निघताना थोडं कुडकुडलं पाहिजे, हे नव्या माणसाला आवर्जून सांगावं लागतं. जाड जॅकेट घालून आलेला बावधनला पोचेपर्यंत ते कमरेला बांधतो आणि पुढचे पंचवीस किलोमीटर ते ओझं वागवतो.

चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडला. आता तिथे रस्त्यांचं जाळं आहे. ते गाड्यांसाठी सोयीचं आहे, पायी माणसाला मात्र जपून पार करावं लागतं. आम्ही तिथे एका रांगेत येतो आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा पसरतो.

पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) बाजूचा रस्ता लागतो. दोन्हीकडे झाडी, दिवे कमी, मधूनच टिटवीची ओरड. या रस्त्यावर मला गटाची किंमत सर्वांत जास्त कळते. पहाटे सहाला, अंधारात, एकटीनं इथून धावायची माझी छाती होत नाही आणि होऊ नये असंच घरचेही म्हणतील. माझी जाऊ पहिल्यांदा आली तेव्हा दर गाडीच्या उजेडाला मागे वळून बघत होती. मग रुग्णालयात नर्स असलेली आमची एक मैत्रीण तिच्या शेजारी आली आणि रात्रपाळीतल्या गमती सांगत राहिली. कोंढवे-धावडे आलं तेव्हा जाऊ मला म्हणाली, "ताई, झाडी कधी संपली कळलंच नाही." कित्येक बायकांना धावायचं असतं, पायात जोरही असतो. त्यांच्याकडे नसतो तो असा निर्धास्त रस्ता. तो आम्ही एकमेकींना दर रविवारी तात्पुरता तयार करून देतो आणि या गोष्टीचा मला फार अभिमान आहे.

शिवणे-नांदेड पुलावर सात वाजता गार हवेचा लोट अंगावर येतो. रात्रीची जड, थंड हवा उतरून नदीच्या खोलगटात साठलेली असते. त्याच थरात पालापाचोळा नि कचरा जाळल्याचा धूरही अडकून राहतो, डोळे चुरचुरतात. खाली मुठा, तिच्यावर धुक्याचा पातळ पट्टा. इथे आमचे काका येऊन मिळतात. सत्तरी ओलांडलेले. त्यांचं घर नदीच्या अलीकडे आहे आणि ते इथून पुढचे दहा-बारा किलोमीटरच येतात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याच्या धरणाची भिंतही गेली, तेव्हा काका शनिवार पेठेत राहत होते, शाळकरी वयाचे. पुलावरून जाताना ते कधीतरी पाण्याकडे हात करतात. "इथूनच गेलं सगळं. आई मला उचलून पर्वतीकडे पळाली. संध्याकाळी मी तिला विचारलं, माझं दप्तर कुठंय?" कॉलेजातली पोरं त्या वेळी त्यांच्या दोन्ही बाजूंना असतात. पूर त्यांनी ऐकलेला असतो, दप्तर मात्र नवीन असतं.

"काका, दमलात का? जरा चालू या?"

"दमलो असतो तर एवढं बोललो असतो का रे?"

नांदेड फाट्याजवळ आम्ही थांबतो. गुळाचे खडे, शेंगदाणे, संक्रांतीच्या दिवसांत तिळाच्या वड्या, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. पाणी मात्र घरूनच आणलेलं. २०२५ च्या जानेवारीत जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात पसरली आणि दूषित पाण्यावर बोट ठेवलं गेलं, तेव्हापासून वाटेत बाटली भरायला कोणी धजावत नाही. खडकवासल्याचं धरण इथून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच्या पाण्यावर शहर वाढलं आणि त्याच्या पायथ्याशी लोक टँकरची वाट बघतात. धायरीच्या रस्त्यावर सकाळी टँकर एकामागे एक जात असतात, मागच्या तोटीतून पाणी गळत असतं आणि आम्ही त्या ओल्या पट्ट्यावरून जपून धावतो. मला दर वेळी याचा संताप येतो.

धायरीचा आमचा एक मित्र आहे, हार्डवेअरचं दुकान चालवतो. त्याचं गाव आलं की तो आपोआप पुढे होतो. एका मोठ्या सोसायटीच्या फाटकापाशी तो वेग कमी करून म्हणाला, "ताई, ह्या पार्किंगखाली आमची विहीर आहे. आजोबांनी खणलेली. बारमाही पाणी. बुजवली तेव्हा तीन दिवस ट्रक येत होते, तरी भरेना." मग त्याने कांद्याचा वाफा कुठे होता, बैल कुठे बांधायचे, चिंच कुठे होती ते दाखवलं. सगळीकडे इमारती होत्या, तरी तो बोलत होता तोवर मला वाफा दिसत होता. गाडीतून या रस्त्याने मी पुष्कळदा गेले आहे. मला तिथे फक्त गर्दी दिसायची.

नऱ्हे ते आंबेगाव हा टप्पा मला आवडत नाही. महामार्ग, धूळ, खडीचे ढीग, काँक्रीटच्या गाड्या. चोविसाव्या किलोमीटरनंतर तसंही बोलणं तुटक होतं, पोटऱ्या दगड होतात. इथे पोरं शेवटच्या माणसामागे राहतात, तेही कोणी न सांगता.

कात्रजचा तलाव दिसला की जीव भांड्यात पडतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथलं पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. काकांच्या शनिवार पेठेतल्या हौदांतही तेच पाणी खेळायचं. हे ते दर वेळी नव्याने सांगतात आणि आम्ही दर वेळी नव्याने ऐकतो. मग पोहे, दोन-दोन चहा आणि पाय पसरून बसणं.

पुढच्या रविवारी कात्रजपासून पूर्वेकडे निघायचं ठरलंय: पिसोळी, उंड्री, हांडेवाडी. त्या बाजूचं आमच्यात अजून कोणी नाही. पोरांपैकी एकाची आत्या हांडेवाडीला राहते. धावणार नाही, पण विचारलं तर चौकात येऊन उभी राहील, म्हणाला. "मग आजच फोन कर," काका म्हणाले, "आणि तिला सांग, निदान पहिल्या वळणापर्यंत आमच्याबरोबर चालत ये."