हळद केव्हा काढावी?

आम्ही पतिपत्नी दोघेही मराठीचे अध्यापक. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमचे घर आहे आणि घरामागे चार वाफ्यांचे परसू. गेल्या वर्षी मेच्या मध्याला आईंनी त्यातल्या एका वाफ्यात हळदीचे सहा गड्डे लावून घेतले. लावून घेतले म्हणजे त्या खुर्चीत बसल्या, काठीने जागा दाखवीत गेल्या आणि आम्ही माती उकरली. आईंचे वय एक्याऐंशी. आमच्यापैकी एकाच्या त्या जन्मदात्या, दुसऱ्याच्या सासूबाई. पण माती उकरताना दोघांनाही बोलणी सारखीच बसली.

पावसाळ्यात हळद पुरुषभर वाढली नसली तरी कमरेच्या वर आली. दिवाळीनंतर आईंना एक मोठे दुखणे झाले. त्यातून त्या उठल्या, पण तोंडाची चव गेली ती परतेना. पेज नको, वरणभात नको. डिसेंबरच्या अखेरीस एका सकाळी त्यांनी ओल्या हळदीचे लोणचे मागितले. आले, लिंबू, हिरवी मिरची आणि घरची हळद. बाजारात ओली हळद आली होती. ती आणतो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "दारात असताना विकत कशाला? काढा की आता."

इथून आमच्यात वाद सुरू झाला. मेच्या मध्यापासून डिसेंबरअखेर म्हणजे साडेसात महिने. आमच्याकडची सेलम जात तयार व्हायला साडेआठ ते नऊ महिने घेते. पाने पिवळी पडून वाळू लागली आणि झाड आडवे झाले की हळद तयार झाली असे समजतात. आमच्या हळदीची पाने तर अजून हिरवी होती. अशी कोवळी हळद काढली तर कंदात पाणी फार असते, वाळवल्यावर हळकुंड सुरकुतते, रंग आणि कस दोन्ही उणे राहतात. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, सात महिने थांबलो तसे आणखी दीड महिना थांबावे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, झाड दीड महिना थांबेल, आईंचे काय? हे दुसरे वाक्य त्यांच्यादेखत उच्चारणे शक्य नव्हते. त्यामुळे सगळा वाद स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात झाला आणि हलक्या आवाजातले वाद अधिक कडवट होतात.

वाद हळदीपुरता नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते. आमच्यापैकी एकाने पीएच.डी.साठी २००९ साली नाव नोंदवले. विषय ग्रामीण कथेतील बोलीचा. पाच प्रकरणे लिहून झाली, ती कपाटात आहेत. दोनदा मुदतवाढ घेतली, मग नोंदणीच संपली. अजून एक संदर्भ पाहायचा आहे, अजून एक प्रकरण मुरायचे आहे, हे उत्तर आम्ही इतकी वर्षे ऐकतो आणि देतो आहोत. दुसऱ्याने २०१२ साली एक समीक्षेचे पुस्तक छापले. पदोन्नतीसाठी गुण हवे होते, प्रकाशकाला घाई होती, आम्हालाही होती. आजही एखादा विद्यार्थी त्या पुस्तकातले वाक्य आमच्यासमोर उद्धृत करतो तेव्हा मान वर करवत नाही. यांत कोण कोणते, हे सांगत नाही. घरात शांतता हवी आहे.

मराठीला हळदीविषयी जे शहाणपण आहे ते बहुतेक सारे उतावळेपणाविरुद्ध आहे. पी हळद आणि हो गोरी, अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे, या म्हणी पुस्तकवाल्याने निमूट ऐकून घ्याव्यात अशाच. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ च्या 'संगीत शारदा'त जे दुःख रंगभूमीवर आणले, तेही एका अर्थाने अवेळी लागणाऱ्या हळदीचेच होते. मात्र उशिरा काढलेल्या हळदीवर म्हण शोधू लागलो तर आम्हाला एकही आठवली नाही. कपाटातल्या प्रबंधाला टोचणारी म्हण नाही; म्हणून तो इतकी वर्षे तेथे सुखाने पडून राहिला असावा.

एम.ए.च्या वर्गात आम्ही राजशेखराची 'काव्यमीमांसा' शिकवतो. त्यात काव्यपाकाची चर्चा आहे. पाक म्हणजे शिजणे आणि पाक म्हणजे पिकणेही. आपले 'पिकणे' त्याच 'पक्व'मधून आले आहे. काव्य पिकले हे कशावरून ओळखावे? वामनाच्या मताने, एकही शब्द बदलता येऊ नये अशी अवस्था आली की पाक झाला. यावर राजशेखर आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नोंदवतो. ती म्हणते, शब्द बदलता न येणे ही पक्वता नव्हे, ती असमर्थता आहे. थोर कवींना एकाच अर्थासाठी अनेक पाठ सुचतात आणि ते सगळे पिकलेले असतात. एका घरातील दोन माणसांनी पिकण्याच्या प्रश्नावर वाद घालावा आणि तो हजार-अकराशे वर्षांनी परीक्षेत 'टीपा लिहा' म्हणून यावा, याची आम्हाला नेहमी गंमत वाटत आली. त्या डिसेंबरात ती वाटली नाही. एकही शब्द हलणार नाही अशा दिवसाची वाट पाहत प्रबंध अडकला होता आणि त्या वाट पाहण्याला अवंतिसुंदरीने फार पूर्वी नाव ठेवले होते.

पुढे राजशेखर नऊ पाक सांगतो : कडुनिंब, बोर, द्राक्ष, वांगे, चिंच, आंबा, सुपारी, काकडी, नारळ. आरंभी चव कशी आणि शेवटी कशी, यावर ही विभागणी आहे. त्यांतले काही टाकून द्यावेत, काहींवर संस्कार करावेत, काही आहेत तसे घ्यावेत, असे तो सांगतो. वाईट कवी होण्यापेक्षा कवी न होणे बरे, असेही त्याचे मत आहे. कपाटवाल्याला हे मत फार सोयीचे वाटते. वर्गात ही यादी आम्ही कितीदा फळ्यावर लिहिली असेल. पण ही सारी फळे जमिनीच्या वर येणारी आहेत, हे हळदीच्या वाफ्यापाशी उभे राहीपर्यंत लक्षात आले नव्हते. आंब्याचा रंग दिसतो, बोर तोंडात टाकून पाहता येते. मातीखाली पिकणाऱ्याचा पाक त्याने सांगितलेला नाही. तिथे लिहिणारा असतो, आणि त्याला वरची पाने तेवढी दिसतात.

दोन दिवसांनी आईंनीच निकाल दिला. स्वयंपाकघरातले सगळे त्यांना ऐकू जात होते. "एका बाजूने उकरा," त्या म्हणाल्या, "गड्डा हलवू नका. एक बोट मोडून आणा." आम्ही कडेच्या झाडाची माती खुरप्याने हळूच बाजूला केली. मधला जेठा गड्डा जाडजूड होता, त्याला हळकुंडे फुटलेली. एक हळकुंड मोडले, माती पुन्हा ओढून घेतली. आईंनी ते नखाने खरवडले, कट्कन मोडले, वास घेतला. आतला रंग बुडख्याशी नारिंगी होता, टोकाशी लिंबाच्या सालीसारखा फिकट. त्या म्हणाल्या, "जेठ्यात उतरलीय. बोटांत यायचीय अजून. ह्या झाडाची काढा, बाकीची ठेवा."

आमच्यापैकी कोणालाही हे सुचले नव्हते. सगळी काढायची किंवा सगळी ठेवायची, एवढेच दोन पक्ष आम्ही मांडले होते. एका झाडाचे लोणचे झाले. हळद कोवळी होती, कडवटपणा कमी, रंग उणा. आईंनी दोन फोडी खाल्ल्या आणि मीठ कमी आहे असे सांगितले. मीठ कमी लागले म्हणजे चव परत येत होती. हे आम्हाला संध्याकाळी उमगले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाने वाळून आडवी झाली. पाणी आधीच तोडले होते. पाला जमिनीलगत कापला, पाच दिवस जाऊ दिले आणि मग कुदळ घातली. पाच झाडांची हळद चार किलोंच्या आसपास भरली. त्यांत जे झाड सर्वांत उंच वाढले होते, तेच आतून बिघडलेले निघाले. न्हाणीचे पाणी त्याच्या मुळाशी मुरत राहिले होते; एका बाजूने कंद कुजला होता, दुसऱ्या बाजूने नवे कोंब फुटू लागले होते. थांबण्याचीही किंमत असते, ती अशी. बाकीची हळद बोटाने दाबता येईल इतपत उकडली आणि पंधरा दिवस गच्चीवर वाळवली. चार किलोंची पाऊण किलोहून थोडी अधिक उरली. एवढ्यासाठी एवढे, असे वाटले खरे. पण प्रबंधाच्या पाच प्रकरणांतूनही बहुधा याच मापाने काही उरेल.

वाळत घातलेल्या हळकुंडांवरून हात फिरवीत बसलेल्या आईंना आम्ही विचारले, माहेरी एकरभर हळद असायची, तेव्हा नेमका काढणीचा दिवस कसा कळायचा? काही खूण, काही नक्षत्र असेल अशी आमची अपेक्षा होती. आईंना हसू आले. "कळायचं कुठलं? पाला वाळला की आली म्हणायची. मग गावात काहील एक आणि हळद साऱ्यांची. आपली पाळी येईल त्या दिवशी काढायची. आठ दिवस इकडं, आठ दिवस तिकडं. त्यानं काही होत नाही."

आम्ही हे लिहून ठेवले. पक्वता हा एक क्षण आहे आणि तो हेरण्यात सगळे कौशल्य आहे, असे आम्ही समजत होतो. ती खरे म्हणजे एक अवधी असते. त्या अवधीच्या आधी हात घालू नये, हे पुस्तकवाल्याने शिकायचे. अवधी लागल्यावर काहिलीची पाळी येईल तो दिवस आपला मानावा, हे कपाटवाल्याने. आणि अवधी लागला की नाही हे पाहायचे तर पानांकडे बघत बसून भागत नाही. कडेने उकरून एक बोट मोडावे लागते आणि ते आपल्याहून जाणत्याच्या हातात द्यावे लागते.

मार्चमध्ये पुनर्नोंदणीचा अर्ज भरला. पहिले प्रकरण एका ज्येष्ठ अध्यापकांकडे वाचायला पाठवले आहे. ते दुसऱ्याने पाठवले, पहिल्याला विचारून, पण फार वेळ न देता. 'अजून बोटांत यायचे आहे' असे उत्तर आले तरी चालेल. कोंब फुटलेल्या गड्ड्यांचा कुजका भाग आईंनी विळीवर काढून टाकला आणि उरलेले सावलीत वाळूत पुरून ठेवायला सांगितले. ते बियाला आहेत. न्हाणीचे पाणी तेवढे दुसरीकडे वळवायचे आहे.