पोढीतील पाणी

बोरिवलीजवळील कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तेथे पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून उतरते व ठिकठिकाणच्या पोढ्यांत साठते. भिक्षूंचा निवास पाण्यावर, पाणी पन्हळीवर आणि पन्हळ कोणाच्या तरी दानावर अवलंबून! कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली, तेथल्याच एका लोहाराने वाट बांधली, असे शिलालेख सांगतात. एकावाचून दुसरे नाही, हाच बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद. कान्हेरीत तो दगडात नांदतो आहे.

फिजीत १८७९ पासून गिरमिटिये उतरले. त्यांच्या वाट्याला आलेली कोठडी दहा फूट लांब, सात फूट रुंद. तीत तिघे पुरुष. ती बांधताना मालकाने मजूर मोजले, माणसे नव्हेत. तरीही जहाजावर जडलेले जहाजीभाईंचे नाते त्या भिंतींआड टिकले, आणि त्या नात्यानेच कोठडीला घरपण आले.

आज पापाकुरा येथे त्यांच्या वंशजांची घरे प्रशस्त आहेत. परंतु शेजारची एकाकी वृद्धा चार दिवस दिसली नाही, तर तिचे दार कोण ठोठावतो? आपल्या पन्हळीचे पाणी कोणाच्या पोढीत पडते, हे प्रत्येक घराने एकदा पाहावे.