ड्रायव्हर ड्यूटीवर नाही

'मराठी विभागासाठी काहीतरी दे' असं संपादकांनी म्हटलं तेव्हा मला हसूच आलं. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझा अजून गोंधळ होतो. तेव्हा चुका पोटात घाला.

गोष्ट जून २०२४ची. परीक्षा संपवून मी राजापूरला घरी गेले होते. सोबत लॅपटॉप, बाबांनी बारा हजारांना घेतलेला सेकंडहँड. बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. बारा हजार जमवायला किती जादा ड्यूट्या लागतात ते मला ठाऊक आहे. त्यातलं विंडोज इतकं रडतखडत चालायचं, की बटण दाबून चहा करून यावं. म्हणून एका रात्री कोणालाही न विचारता मी ते सगळं पुसलं आणि डेबियन १२ टाकलं. लॅपटॉप एकदम पळायला लागला. फक्त वाय-फायची खूण कुठेच दिसेना.

सकाळी बाबा मुक्कामाची गाडी सोडून घरी आले. माझं तोंड बघून म्हणाले, "बिघडला काय गो?" बस्स, एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"बिघडला नाही बाबा, त्यात ड्रायव्हर नाही."

आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "ड्रायव्हर नाय? मग हा कोण बसलाय?"

हसून झाल्यावर बाबांना मात्र ते पटकन समजलं. गाडी डेपोत उभी आहे, धडधाकट आहे, पण चालवणारा नाही. मी त्यांना 'एलएसपीसीआय' ही कमांड मारून दाखवली. यादीत दोन्ही नेटवर्क कार्डं होती, वायरचं आणि बिनवायरचं. वायरच्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो, त्यामुळे ते पहिल्या मिनिटापासून तयार होतं. पण त्यात खुपसायला आमच्या घरी वायर कुठली?

सगळीच वाय-फाय कार्डं अशी रुसत नाहीत. अथेरॉस कंपनीने २००८मध्ये आपल्या चिपसाठी 'एथनाइनके' हा ड्रायव्हर खुला करून टाकला, तेव्हापासून ती कार्डं लिनक्सवर गुपचूप चालतात. काहींना वरून फर्मवेअर लागतं, म्हणजे कार्डाच्या आत भरायचा छोटा प्रोग्राम. तो मुक्त नाही म्हणून डेबियनवाले पूर्वी इन्स्टॉलरमध्ये देत नसत. २०२२मध्ये त्यांनी यावर चक्क मतदान घेतलं, आणि जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून फर्मवेअर सोबतच मिळू लागलं. माझ्या चिपचं दुखणं तिसरंच. तिचा ड्रायव्हरच बंदिस्त. तो डेबियनच्या 'नॉन-फ्री' कप्प्यात असतो, आणि उतरवून आपल्या कर्नलच्या मापाने आपल्याच मशीनवर कंपाइल करावा लागतो.

उतरवायचा म्हणजे इंटरनेट हवं, आणि इंटरनेट हवं तर ड्रायव्हर हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत.

वाट सापडली ती फोनमधून. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं, की लिनक्सला तो फोन म्हणजे आणखी एक वायरचं कार्ड वाटतो. ड्रायव्हर आधीच हजर! पण आमच्याकडे मोबाइलची रेंज उन्हाळ्याच्या गंगेसारखी. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: राजापूरची गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकटते, काही दिवस राहते आणि जाते. हल्ली तर तेही वेळापत्रक पाळत नाही.) रेंज फक्त परसातल्या गडग्यावर. वरून पाऊस, लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटांची. बाबा झोप सोडून छत्री धरून उभे. मी सोर्सेसच्या फाइलमध्ये 'नॉन-फ्री' लिहिलं, कर्नलच्या हेडर फाइल्स आणि ड्रायव्हर मागवला. स्क्रीनवरचे टक्के आम्ही दोघं वाचत होतो, निवडणुकीच्या निकालासारखे.

कंपाइल झालं. मॉड्यूल लोड करायला गेले, तर उत्तर आलं : 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. मला रडूच कोसळलं. लॅपटॉपचं सिक्युअर बूट चालू होतं. ते असलं की सही न ओळखलेल्या मॉड्यूलला कर्नल आत घेत नाही.

बाबांनी विचारलं, "म्हणजे ड्रायव्हर आला, पण बिल्ला नाही?"

अगदी तेच! मग 'मोकयूटिल'ने ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायला दिली, लॅपटॉप पुन्हा चालू केला, निळ्या पडद्यावर पासवर्ड टाकून ती मंजूर केली. फोनचा हॉटस्पॉट लावला. यादीत एकच नाव आलं, माझ्याच फोनचं. बाबांनी चष्मा लावून बघितलं, "तीन काड्या आहेत," म्हणाले आणि झोपायला गेले. संध्याकाळी त्यांना अणुस्कुरा घाटातून गाडी न्यायची होती.

ऑगस्टमध्ये होस्टेलवर कर्नल अपडेट झालं आणि वाय-फाय पुन्हा गेलं. चूक माझी. मी त्याच एका कर्नलच्या हेडर फाइल्स घेतल्या होत्या. 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे पॅकेज घेतलं असतं तर प्रत्येक नव्या कर्नलबरोबर नव्या हेडर्स आपोआप आल्या असत्या. आता घेतलंय. तरी रविवारी फोन आला की बाबा आधी विचारतात, "काय गो, ड्रायव्हर ड्यूटीवर आहे ना?"