उकडलेल्या भाजीचं पाणी

पप्पांचं पोटॅशियम ६.१ आलं तेव्हा मी हिंजवडीत, सकाळच्या मीटिंगमध्ये होतो. लॅबचा पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर उघडला आणि आधी वाटलं, लॅबचीच चूक असणार. कारण गेले दोन महिने त्यांचं जेवण मी ठरवत होतो.

पप्पा ६१ वर्षांचे, सांगलीत असतात. जुनी शुगर, त्याहून जुनं बीपी. क्रिएटिनिन २.५, ईजीएफआर २८, म्हणजे किडनीच्या आजाराची चौथी स्टेज. डायलिसिस हा शब्द घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. रिपोर्ट आले त्या रात्री मी पहाटेपर्यंत वाचत बसलो. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्ये सापडलं: प्राणिजन्य अन्नापेक्षा वनस्पतिजन्य अन्न जास्त खा, प्रोटीन वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम ठेवा. झालं, मी एक्सेल शीट बनवली. रविवारचं मटण बंद. त्याऐवजी मोडाची मटकी, पालक, टोमॅटोचं सार, रोज एक शहाळं. बीपीसाठी मीठही बदललं, कमी सोडियमवालं. मटणावाचून रविवार न मानणारा हा माणूस एका शब्दानं कुरकुरला नाही. "तू वाचलंयस ना, मग बास," म्हणाले. ते वाक्य अजून टोचतं.

शीटमध्ये प्रोटीनचा कॉलम होता, सोडियमचा होता. पोटॅशियमचा नव्हता.

डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, औषध सुरू केलं आणि मग विचारलं, "मीठ कुठलं वापरता?" अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे टाकून देते. पप्पांची ते टाकू शकत नव्हती, आणि त्यांची बीपीची गोळीही ते अंगात धरून ठेवणारी. वर पेलाभर शहाळ्याचं पाणी म्हणजे ४०० ते ६०० मिलिग्रॅम. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी काही जाणवेलच असं नाही. मिठाच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात सूचना होती. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणाऱ्या मला ती दिसली नाही.

घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेलो. डाळ बंद, भाजी बंद, पप्पांपुढे नुसता भात. डाएटिशियन मॅडमनी तेही खोडून काढलं. डाळीतला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात असतो, आपल्या आतड्यांना तो नीट सोडवता येत नाही, म्हणून मांसातल्यापेक्षा कमी शोषला जातो. पॅकबंद पदार्थांत आणि कोलात वरून घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळाच रक्तात जातो. २०११ साली अमेरिकेत नऊ रुग्णांना आठवडाभर शाकाहारी आणि आठवडाभर मांसाहारी जेवण देऊन पाहिलं होतं. शाकाहारी आठवड्यात रक्तातला फॉस्फरस कमी भरला. नऊच माणसं, पण माझ्या भातापेक्षा पुरावा बरा. तेव्हा डाळ मोजून, दुधी, दोडका, कोबी चालेल, शहाळं आणि ते मीठ कायमचं बंद. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि पाणी ओतून द्यायचं. मटण? महिन्यातून एकदा, दोन फोडी, रस्सा नाही. हे सगळं पप्पांच्या आकड्यांवर बेतलेलं. शेजारच्या काकांनी यादी मागितली तेव्हा मी दिली नाही.

औषध थांबलं आणि पुढचा रिपोर्ट ५.६. कमी, पण हवा तितका नाही. शनिवारी सांगलीला गेलो तर आई कणीक मळत होती. बाजूच्या पातेल्यात हिरवट पाणी.

"हे कसलं गं?"

"भाजी उकडलेलं. टाकवत नाही रे, सगळं सत्त्व त्यातच उतरतं."

बरोबरच होतं तिचं. उतरलेलं सगळं ती रोज पप्पांच्या चपातीत परत घालत होती, उरलेलं आमटीत. कट फेकायचा नसतो हे ती तिच्या आईकडून शिकलेली. मी समजावत होतो, तर पप्पा सोफ्यावरून म्हणाले, "दोघं मिळून मला खत घालताय काय?" आई हसली आणि मग एकदम तिचे डोळे भरून आले.

परवाचा रिपोर्ट ४.९. एक्सेल मी बंद केलंय. आईनं फ्रिजवर कॅलेंडर लावलंय, तिच्या खुणा तिलाच कळतात. पाणी ती अजूनही मोरीत ओतत नाही. निववून परसातल्या कढीपत्त्याला घालते.