टेकापो ते आओराकी : पाण्याच्या काठाने एक दिवस

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या मध्यभागी मॅकेंझी नावाचे विस्तीर्ण, गवताळ खोरे आहे. टेकापो सरोवरापासून आओराकी, अर्थात माउंट कुक या शिखराच्या पायथ्याचे गाव इथून जेमतेम 105 किलोमीटर. मोटारीने सव्वा तासाचा हा रस्ता कॅम्परव्हॅनमधून मात्र दिवसभर पुरतो, आणि पुरवावाच.

जैन कुटुंबाला या वाहनाचे महत्त्व निराळे आहे. परदेशात भोजनाची पंचाईत होते. इथे शेगडी, शीतकपाट आणि पाण्याची टाकी बरोबरच चालतात. गाडीतील भांड्यांत यापूर्वी काय शिजले असेल हे सांगता येत नाही, म्हणून दोन पातेली व एक तवा घरूनच न्यावा. खाद्यपदार्थ नेताना विमानतळावर एकूण एक पुडी जाहीर करावी लागते. मूगडाळीची खिचडी आणि कंदमुळांवाचूनची भाजी एवढ्यावर दिवस सुखाने निघतो.

सकाळी टेकापोच्या काठावर उभे राहिले की पाण्याचा रंग प्रथम खराच वाटत नाही. निळ्यात दूध मिसळावे तसा तो दिसतो. हिमनद्या खडक घासत खाली सरकतात. त्यातून पिठासारखी बारीक भुकटी तयार होते, ती पाण्यात तरंगत राहते आणि सूर्यप्रकाश विखुरते. काठावर 1935 साली बांधलेले एक लहानसे दगडी चर्च आहे.

याच काठांवर दक्षिण बेटाचा एक नियम प्रत्येक प्रवाशाला लागू होतो. डिडिमो नावाचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे शेवाळ 2004 मध्ये बेटाच्या दक्षिणेकडील एका नदीत आढळले. एका थेंबातूनही ते दुसऱ्या जलाशयात पोहोचू शकते. म्हणून पाण्याला लागलेली प्रत्येक वस्तू तपासावी, धुवावी आणि पूर्ण वाळवावी, मगच पुढच्या पाण्यात न्यावी, असा तिथला दंडक आहे.

जलगालनाची सवय असलेल्या श्रावकाला हे ऐकताना आपल्याच घरातले काही ऐकल्यासारखे वाटेल. पाणी गाळल्यावर गाळण्यावर राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हळुवार सोडावे, दुसऱ्या पाण्यात नव्हे, ही आपली जुनी रीत. दोहोंचे हेतू मात्र एक नाहीत, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. तिथे एका जीवाला आवरून नदीतील बाकीची सृष्टी वाचवायची असते, आणि वाळवण्यात ते शेवाळ मरते. इथे त्या जिवाणीलाच अभय द्यायचे असते. तरीही एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात टाकू नये, हे वर्तन दोन्हीकडे सारखेच.

व्हॅनमध्ये ही रीत पाळणे सोपे नाही. मोरीचे पाणी खालच्या टाकीत साठते आणि ठरलेल्या जागीच रिकामे करावे लागते. ते रानात किंवा तळ्यात सोडण्यास मनाई आहे. गाळण्याचे कापड तळ्यात खळबळणे तर दूरच. त्यातल्या त्यात योग्य मार्ग हाच की, ज्या नळावर टाकी भरली तिथेच पाणी गाळावे, कापड तिथेच धुवावे आणि दिवसभर उन्हात टाकावे.

माणसाने स्वतः मात्र ही पाणी कधीच एकत्र केली आहेत. वीजनिर्मितीसाठी टेकापोचे पाणी सुमारे 25 किलोमीटरच्या कालव्याने पुकाकी सरोवरात आणले जाते. कालव्यात सामन माशांची शेतीही चालते. तिथले थांबे अनेकांना आवडतात, आपल्या वाचकांनी गाडी पुढे न्यावी. धरणामुळे पुकाकीची पातळी विसाव्या शतकात दोनदा उंचावली. तरी या सरोवराच्या दक्षिण टोकावरून दिसणारे दृश्य विसरता येत नाही. निळ्या पाण्याच्या पलीकडे, थेट समोर, 3,724 मीटर उंचीचे आओराकी.

न्गाई ताहू या माओरी वंशाच्या दृष्टीने आओराकी हा पूर्वज आहे : आकाशपित्याचा पुत्र, ज्याची नाव उलटली आणि जो भावांसह शिळारूप झाला. गिर्यारोहकांनी अगदी माथ्यावर पाय ठेवू नये, अशी त्यांची विनंती असते. सम्मेदशिखरजीची वंदना अनवाणी पायांनी करणाऱ्यांना ही विनंती समजावून सांगावी लागणार नाही.

दुपारी टास्मान हिमनदीच्या दर्शनस्थळी पायऱ्या चढून जाता येते. वाटेतील ‘निळी तळी’ आज हिरवी आहेत, कारण हिमनदीचे पाणी त्यांना मिळेनासे झाले. आता ती पावसावर भरतात. वरून दिसणारे करडे सरोवर तर 1970 च्या सुमारास जवळजवळ नव्हतेच. बर्फ मागे हटला आणि त्याच्या जागी कित्येक किलोमीटर लांबीचे पाणी साचले. एका माणसाच्या आयुष्यात जन्मलेले सरोवर पाहताना सौंदर्याचा आनंद निर्भेळ राहत नाही.

डिसेंबरात तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. पण पश्चिमेचे कडे उंच असल्याने दरीतील ऊन त्याआधीच जाते, आणि चौविहार पाळणाऱ्याला घाई होते. पंचांगातील सूर्यास्त धरावा की डोळ्यांपुढचा, याचे उत्तर घरोघरी वेगळे असेल. ज्येष्ठ बरोबर असले की पातेले सहालाच चढते. सातच्या आत भांडी घासून होतात. बाहेर अजून लख्ख उजेड असतो, आणि दाराला टांगलेले गाळणे कोरडे झाले की नाही, हे कोणीतरी हात लावून पाहते.